चौकशीवाले आले

गुप्तहेरांच्या सिनेमांबाबत आमच्या घरात तीन पक्ष आहेत आणि टीव्ही एकच आहे.

मला संथ सिनेमे लागतात. त्यातला हेर मापाबाहेरचा स्वेटर घालतो, त्याचं पिस्तूल कुठल्यातरी खणात पडलेलं असतं आणि दोन तास तो जुन्या फायली वाचत बसतो. कुणीतरी चहा करतं आणि प्यायला विसरतं. शेवटी फितूर माणूस शेजारच्याच टेबलावरचा निघतो आणि त्याचा आनंद कुणालाच होत नाही. उंच इमारतीवरून उडी मारूनही ज्यांचा भांग विस्कटत नाही, त्या हेरांचा मला मनस्वी तिटकारा आहे. मी तीस वर्षं केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. तिथे काचेची नळी फुटली तरी चार सह्यांचा रिपोर्ट लागायचा. हे लोक अख्खं बंदर उडवतात आणि सूट झटकून पार्टीला जातात.

बायकोला विनोदी प्रकार आवडतो, म्हणजे नवरा हेर असतो आणि बायकोला पंधरा वर्षं पत्ता नसतो तो. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत हसते. "पंधरा वर्षं? तुम्ही बाहेर सेवउसळ खाऊन आलात तर मला जिन्यातच कळतं," असं ती दर वेळी म्हणते.

लेकीला यातलं काहीच आवडत नाही, तरी ती आमच्यात येऊन बसते आणि शाळेच्या वह्या तपासता तपासता मधेच म्हणते, "बाबा, यातल्या एकानं जरी खरं सांगून टाकलं ना, तर पिक्चर दहा मिनिटांत संपेल." त्यालाच कला म्हणतात, असं मी तिला अनेकदा समजावलं आहे.

आता आमच्या घरच्या गुपिताबद्दल. लेक बारा वर्षांची असताना नवरात्रात, सोसायटीच्या गरब्यात, तिला फिट आली. ऐन फेर चालू असताना ती खाली पडली. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत साठ घरं आहेत आणि साठही घरं तेव्हा मैदानातच होती. पुढे सहा वर्षं गोळ्या चालल्या, मग डॉक्टरांनी त्याही बंद केल्या आणि त्यानंतर आजतागायत काही झालं नाही. आम्ही मात्र ठरवलं, की हे कुणाला कळता कामा नये. गोळ्यांची बाटली हिंगाच्या डब्यात असायची. पाहुणे आले की बायको मला डोळ्यांनी खूण करायची आणि मी विषय क्रिकेटवर न्यायचो. साठ घरांनी दिव्यांच्या झगमगाटात पाहिलेली गोष्ट आम्ही दोघं जिवापाड लपवत होतो.

या वर्षी एक स्थळ आलं. मुलगा शहरातल्या वाडी भागातल्या जुन्या मराठी घरातला, वडिलांचं लहरीपुऱ्याच्या बाजारात फोटोफ्रेमचं दुकान. आजकाल मुलगा-मुलगी आधी आपापली कॉफी पिऊन येतात, तशी ही दोघंही आली आणि एकमेकांना पसंत पडली. पण म्हणून चौकशी कुणाला चुकत नाही. बायकोनं मला वाडीत जाऊन गुपचूप माहिती काढायला सांगितलं. इतकी वर्षं पाहिलेल्या सिनेमांचं चीज व्हायची वेळ आली होती.

रविवारी सकाळी मी स्कूटर लांब लावली, करडा स्वेटर घातला आणि भाड्यानं खोली शोधणारा माणूस बनून त्यांच्या पोळात, म्हणजे जुन्या घरांच्या गल्लीत, शिरलो. फेब्रुवारी संपत आला होता आणि घाम येत होता. तिसऱ्या फेरीला दारापुढच्या ओटल्यावर मेथी निवडणाऱ्या एका बाईंनी मान वर केली.

"कोनुं घर शोधो छो, भाई?"

मी खोलीचं सांगितलं. त्यांनी माझ्या स्वेटरकडे पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, "मुलीचे बाबा ना तुम्ही? बसा." मग समोरच्या खिडकीकडे पाहून त्या ओरडल्या, "अहो, चौकशीवाले आले! चहा टाका!"

चहा मुलाच्या घरूनच आला. तो मी मुलाविरुद्ध माहिती ऐकत ऐकत प्यालो. मुलगा बारावीत एकदा नापास झाला होता, घोरतो आणि वांग्यावरून आईशी भांडतो. बाकी एकदम सरस.

इतक्या स्वस्तात सुटलो म्हणून मी खुशीत परतलो, तर सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणाला, मुलाकडच्या एक बाई दोन तास घरोघर फिरून गेल्या. त्या मुलाच्या आत्या होत्या, हे मागाहून कळलं. साठ साक्षीदार! मी जिना चढून आमच्या खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडे गेलो. आमची मुलगी पडली तेव्हा तिचं डोकं यांनीच मांडीवर घेतलं होतं.

"में तो कीधुं, छोकरी सोना जेवी छे," बेन म्हणाल्या. मुलगी सोन्यासारखी आहे, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"अने पेलुं?" मी हळूच विचारलं. 'आणि ते?', म्हणजे गरब्यातलं.

"शुं पेलुं?" त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझ्या आवडत्या सिनेमांतला एकही नट असं करू शकला नसता. माझे डोळे भरून आले आणि मी काहीतरी पुटपुटत वर आलो.

दोन दिवसांनी मुलाच्या वडिलांनी दुकानात बोलावलं. "साखरपुडा होऊ दे, मग बघू," अशी बायकोची सक्त ताकीद होती. पण त्या बेनचा चेहरा पाहिल्यापासून मला झोप नव्हती. लोकांनी आमच्यासाठी खोटं बोलावं आणि आम्ही ते वापरावं, हे काही बरं वाटत नव्हतं. लग्न मोडलं तर लेकीला तोंड कसं दाखवणार, हेही कळत नव्हतं. लहरीपुऱ्याच्या गर्दीतून जाताना मी वाक्य चार वेळा जुळवलं. दुकानात मी बसलो, चहा आला आणि मी म्हणालो, "एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी..."

"फिट्सचं ना?" काच पुसता पुसता ते म्हणाले. "ते माहितेय. तुमच्या मुलीनं पहिल्या भेटीतच सांगितलं. आमचे डॉक्टर म्हणाले, काही हरकत नाही."

"मग तुमच्या बहिणीला कशाला पाठवलंत?"

"अहो, मुलगी कशा माणसांत वाढली ते बघायला नको? ताईनं मुद्दाम तब्येतीचं विचारलं. अकरा घरी विचारलं. अकरा घरांनी तिच्यावर डोळे वटारले. एका आजोबांनी तर चहा अर्धाच दिला." ते हसले. "आमच्या पोळात तुम्हाला सगळं कळलं असेल?"

"वांग्यापर्यंत," मी म्हणालो.

तारीख ठरवून घरी आलो. लेक वह्या तपासत होती. मी विचारलं, "त्याला सांगितलं होतंस?"

"हो. कॉफी यायच्या आधीच."

"मग आम्हाला का नाही बोललीस?"

"तुम्ही दोघं इतकं मन लावून लपवत होतात." ती हसली. मग तिनं लाल पेन खाली ठेवलं. "मला लहानपणापासून वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते. म्हणून मी पण गप्प बसायचे."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"लाज नव्हती गं," मी म्हणालो. "भीती होती. कुणीतरी तुला नको म्हणेल आणि ते तुला ऐकावं लागेल, याची."

लेकीनं समोरची वही मिटली.

"एवढंच होतं, बाबा?" ती म्हणाली. "चौदा वर्षं?"