डॉक्टरीणबाईंची ओटी

आजारी पोरापोरींच्या प्रेमाचे पिक्चर मी बरेच पाहिलेत, पण एकही पटलेला नाही. त्यातली पोरं मरणाच्या दारात असतात, तरी त्यांना भेटायला कुणी येत नाही. ना डझनभर केळी, ना बिस्किटाचा पुडा, ना ‘किती वाळलीस गं’ म्हणणारी चुलती. दोघं तासन्‌तास तळ्याकाठी हातात हात घेऊन बसतात आणि मध्ये कुणी शहाळं घेऊन टपकत नाही. एवढा निवांतपणा मिळाला असता तर मीही प्रेमाचं काहीतरी बरं बोलले असते.

मला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. अंगात रक्त धड तयार होत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं भरून घ्यायचं. आमचं घर नांदेडचं, वडिलांचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान. नांदेडला माझ्या गटाचं रक्त मिळेना की वडील मला लातूरला न्यायचे. त्यांचं आणि एसटीचं हाडवैर. अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना ते दर वेळी जाहीर करायचे, की ही शेवटची खेप, पुन्हा या खटाऱ्यात पाय ठेवणार नाही.

लातूरच्या वॉर्डात शेजारच्या पलंगावर तो असायचा. निलंग्याकडच्या खेड्यातला, माझ्याच वयाचा, दुखणंही तेच. तो आज ठणठणीत आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही रुमाल काढून बसाल. इतर पोरं एकमेकांना दहावीचे मार्क विचारतात, आम्ही अंगात लोह किती साठलं ते विचारायचो. रक्त भरून भरून आमच्या अंगात लोह साठतं. त्याचं कायम माझ्यापेक्षा जास्त निघायचं आणि त्याचाही तो तोरा मिरवायचा.

“भंगारात घातलं तर तुझ्यापेक्षा माझाच भाव जास्ती येतंय,” म्हणायचा.

मला तो आवडत होता. मी त्याला आवडते का, हे कळायला मार्ग नव्हता, कारण तो लोह आणि क्रिकेट सोडून तिसरं काही बोलायचा नाही. त्यात सतराव्या वर्षी त्याचं पुण्याला जायचं ठरलं. भावाच्या हाडातला मगज त्याच्याशी जुळला होता, तो याला चढवायचा होता. जमलं तर पुन्हा रक्त चढवायची गरज नाही. नाही जमलं तर काय, ते आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी नीट सांगितलेलं होतं. पुण्याला महिनोन्‌महिने राहायचं होतं. म्हणजे लातूरचा तो दिवस शेवटचा, आणि मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हणून मी मोबाइलवर तसलाच एक आजारी प्रेमाचा पिक्चर उतरवून नेला. माझा हिशेब सोपा होता. त्यात आजारी पोरगा आजारी पोरीला सगळं सांगतो. ते ऐकून याला काही सुचलं तर सुचलं. आमचे पलंग जवळजवळ होते, आणि एक स्टँड मोडलेला असल्यामुळे सिस्टरनं दोघांच्या रक्ताच्या पिशव्या मधल्या एकाच स्टँडला टांगल्या होत्या. इअरफोनची एक गोळी त्याच्या कानात, एक माझ्या. त्याची आई पुण्याची बोचकी बांधायला घरी थांबलेली, माझे वडील खाली चहाला गेलेले. सगळं जुळून आलं होतं.

तेवढ्यात त्याच्या गावची जीप आली.

पोरगं पुण्याला चाललंय म्हटल्यावर भेटायला नको? आठ-दहा माणसं वॉर्डात शिरली. पुढे त्याची आत्या, कमरेला पदर खोचून. तिनं आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मग विचारलं, “काय बघायलास रे?”

इअरफोनची पिन निघाली ती तिथंच. मंडळी पलंगाभोवती कोंडाळं करून पिक्चर बघायला लागली.

“ही पोरगी आजारी हाय म्हंतेत, मग एवढी लाली लावून कशी बसली?”

“आईबाप कुठं गेलेत ह्यांचे?”

“जेवलेत का न्हाई दोघं, कुणी इचारतंच न्हाई.”

मी दात-ओठ खात होते. पोरगा मनातलं सांगतो तो प्रसंग आता जवळ आला होता. पण आत्याचं लक्ष पिक्चरवरून उडालं होतं. ती स्टँडकडे बघत होती. मधोमध रक्त लटकलेलं, एक नळी माझ्या हातातून निघालेली, एक त्याच्या हातात शिरलेली. आत्यानं नजरेनं नळ्यांचा माग काढला आणि तिचे डोळे भरून आले.

“माय माझी. लेकराला रगत द्यायलीस व्हय?”

मी तोंड उघडायच्या आत तिनं पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. ते आणले होते डॉक्टरीणबाईंसाठी, पुण्याची सगळी खटपट त्यांनी केली म्हणून. पण बाई त्या दिवशी रजेवर होत्या.

“लगीन झाल्याबिगर ओटी भरत नसतेत, मला ठाऊक हाय,” आत्या म्हणाली. “पर जिनं रगत दिलं ती आमच्या घरचीच.” आणि माझ्या कपाळावर कुंकू टेकवून तिनं माझी ओटी भरली. ओढणीत नारळ पडला नि माझे वडील चहा घेऊन दारात उभे राहिले.

लग्न न झालेल्या पोरीची ओटी परक्या घरच्या बाया कधी भरतात, हे आमच्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. वडिलांनी चहा खिडकीत ठेवला. पण ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

“आम्हाला एकदा इचारायचं होतं, बाई,” ते हळू म्हणाले.

“ह्यात काय इचारायचं, दादा? पोरगी लई गुणाची हाय तुमची.”

“गुणाची हाय. पण आधी सांगितलेलं बरं. तिला जन्मापासनं थॅलेसेमिया हाय. रक्त तिलाच चढवावं लागतंय. मागाहून फसवलं म्हणू नका.”

आमच्या घरात माझ्या लग्नाचा विषय कधी निघत नसे. चुलत बहिणींची स्थळं आली की मला शेजारी पाठवत. आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी मागणी घातली असं वाटून वडील आधी खरं सांगत होते. मला भयंकर वाईट वाटलं.

आत्या मटकन माझ्या पलंगावर बसली. मोबाइलमधला पोरगा तेवढ्यात आपलं प्रेम सांगत सुटला होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आत्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“म्हंजी तू बी?”

मी मान हलवली. आता ती नारळ उचलणार असं मला वाटलं. तिनं माझ्या ओढणीची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, “भरलेली ओटी काढून घेत नसतेत.” तेवढ्यात सिस्टर आली आणि तिनं सगळ्या जीपला बाहेर काढलं.

तो इतका वेळ चादरीत तोंड घालून पडला होता. त्याची पिशवी माझ्याआधी संपली. सुई काढली, चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता तो वडिलांपुढे जाऊन उभा राहिला.

“काका, पुढल्या बारीला बी हिला लातूरलाच आणा.”

पुढच्या वेळी तो पुण्यात असणार हे त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, वडिलांनाही ठाऊक होतं.

“आणतो,” वडील म्हणाले.

काही आठवड्यांनी नांदेडच्या रक्तपेढीतून फोन आला, की रक्ताची पिशवी आहे, पोरीला घेऊन या. मी केस विंचरून तयार झाले, तर वडील लातूरच्या एसटीत न्यायची जुनी थैली भरत होते.

“पप्पा, रक्त इथंच मिळालंय,” मी म्हटलं. “आणि तो तिथं नाही.”

“मला काय ठाऊक न्हाई का?” वडील चिडून म्हणाले. “आणतो म्हणालोय मी त्याला. चल, गाडी निघंल.”