कमरेला बांधलेला ब्रुनो

कामरगावहून कारंज्याला मी एकदा गाऊनवर गेलेली आहे. मुळात मला जायचंच नव्हतं.

आमच्या निखिलनं नागपुरात हौसेनं कुत्रा घेतला आणि बदली झाल्यावर आमच्याकडे आणून सोडला. काळा, तुकतुकीत, वासराएवढा. नाव ब्रुनो. त्याला फिरवता फिरवता माझा खांदा निखळायची वेळ आली, तेव्हा निखिलनं एक पट्टा पाठवला. तो आपल्या कमरेला हूक लावून बांधायचा, त्यात कुत्र्याची दोरी अडकवायची आणि दोन्ही हात मोकळे सोडून ऐटीत चालायचं.

"आई, दोनच शब्द शिकव त्याले," तो फोनवर म्हणाला. "चल आणि थांब. आयकलं की बिस्कीट दे."

'चल' ब्रुनोला लगेच आलं. 'थांब' काही केल्या येईना. आमचे हे ओट्यावरून पेपराआडून म्हणाले, "मले तर तोच तुले फिरवून राह्यला असं दिसते." मी लक्ष दिलं नाही. (लग्न झाल्यापासून देत नाही.)

एका सकाळी आम्ही दूध आणायला निघालो. अंगात गाऊन, वर ओढणी, कमरेला पट्टा. हात मोकळे असल्यामुळे येताना एका हातात दुधाची किटली होती आणि दुसऱ्या हातात शेजारणीनं दिलेला कढीपत्ता. फोन घरी चार्जिंगला. स्टँडवर कारंज्याची जीप भरत होती. ड्रायव्हर ओरडला, "चल कारंजा! चल, चल, चल!"

इतक्या आज्ञाधारकपणे ब्रुनोनं आजवर कोणाचंच ऐकलं नव्हतं. तो थेट जीपमध्ये चढला. आमच्यातली दोरी हातभर, त्यामुळे मीही चढले. तो सीटखाली घुसला, दोरी सीटच्या लोखंडी पायात अडकली, आणि पट्ट्याचा हूक फिरून माझ्या पाठीवर गेला. त्यात ओढणीही गुंतली. तेवढ्यात जीप निघाली.

"अरे बाप्पा, मले नाही जायचं," मी म्हटलं.

"मंग चढल्या कायले, काकू?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

"मी नाही चढली. कुत्रा चढला."

"त्याले कुठी उतरायचं हाये?"

ड्रायव्हरनं जीप थांबवली आणि शेजारी बसलेल्या बाईंनी हूक काढायला हात घातला, तर सीटखालून गुरगुर ऐकू आली. समोरचे एक म्हातारबा पाय वर घेत म्हणाले, "राहू द्या. कारंज्याले गेल्यावर पाहू." सगळ्यांनाच ते पटलं.

कारंज्यात ड्रायव्हरनं पान्यानं सीट ढिली केली, तेव्हा दोरी सुटली. हूक तसाच राहिला. या गावात मला ओळखणारं एकच घर, ते म्हणजे माझ्या लेकीचं, सोनलचं सासर. तिच्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या साडीची निरी मी कधी विस्कटलेली पाहिली नाही. त्यांच्या नजरेला पडायच्या आत परतीची जीप धरायची असं मी ठरवलं, आणि वळले तर भाजीची पिशवी घेऊन त्याच समोर.

"विहीणबाई? सगळं ठीक आहे ना घरी?"

"हो, हो. सहजच आली," मी किटली पुढे केली. "दूध आणलं."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"कढीपत्ताबी आहे," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही घेतलं आणि मला व ब्रुनोला घरी नेलं. सोनलनं दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. हसू आवरल्यावर तिनं वडिलांना फोन लावला.

"बाबा, आई इथं आहे."

"अन् कुत्रा?"

"तोबी."

"मंग ठीक आहे," असं म्हणून ह्यांनी फोन ठेवला.

विहीणबाई ओढणी कापायला कात्री घेऊन आल्या. पण ब्रुनो माझ्याभोवती गोल फिरायला लागला, आणि त्याच्यामुळे मीही जागच्या जागी गोल. त्यांनी चष्मा नीट केला, बोट उगारलं आणि वर्गात म्हणावं तसं म्हटलं, "बस."

ब्रुनो मुकाट्यानं बसला. मी त्याच्याआधी बसले होते.

बिस्कीट मात्र एकट्या ब्रुनोला मिळालं.