वाळ्याच्या ताटीवरचं पाणी

कूलरला नवा वाळा लावून पाणी सोडलं, आणि त्या ओल्या वासानं मला लहानपणीच्या, सदर भागातल्या बालवाडीत नेऊन कोंडलं.

एप्रिलची भाजणारी लू सुटलेली, म्हणून दार बंद होतं आणि खिडकीला वाळ्याची ताटी. बाई विहिरीची गोष्ट सांगत होत्या: पाणी सांडलं की ती रुसते, आणखी खोल जाते. तेवढ्यात बाहेरून शिपायानं ताटीवर बादली रिकामी केली.

मी विचारलं, "बाई, मंग हे काहून फेकून राहिले?"

बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. "साहेब येऊन राहिले तपासाले. चूप बस वं."

साहेब गारव्यात बसले, गोष्टीचं कौतुक करून गेले. विहीर रुसेल म्हणून आम्ही कोणीच प्यायला पाणी मागितलं नाही.

आज नात विचारते, "आजी, कूलरले एवढं पाणी काहून?"

मीही बंद दाराकडे पाहते. बाहेर लू आहे.