रोहिदासचे मोजे

पहिल्या शिफ्टची बस चिखलीच्या चौकात येण्याआधी रंभा रोहिदासच्या पायांत मोजे चढवायची. तो कॉटच्या कडेला ताठ बसे, ती फरशीवर उकिडवी. बुटांच्या नाड्या बांधून झाल्या की एक हात गुडघ्यावर, एक कॉटवर टेकवून ती उठायची. दीड वर्ष हे असंच चाललं होतं.

दीड वर्षापूर्वी चाकणच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसजवळचा, सुट्या भागांनी भरलेला बिन उचलताना रोहिदासच्या कमरेत अशी कळ गेली, की तो खाली बसला तो उठेचना. शेवटी भंगार न्यायच्या ट्रॉलीवर घालून त्याला गेटपर्यंत नेलं. पुढे कंपनीच्या डॉक्टरांनी हलकं काम लिहून दिलं आणि तो टूलरूमच्या खिडकीत खुर्चीवर बसून पाने-ड्रिल देऊ-घेऊ लागला.

"तुझी कंबर म्हणजे कंपनीचा जावई झालीय, राव," पाना न्यायला आला की प्रेसवरचा किसन म्हणायचा. "बसल्या जागी मानपान."

रोहिदास हसायचा. पण त्या ट्रॉलीची खडखड अजून त्याच्या कानांत होती. परभणीकडून येऊन, बरीच वर्षं कंत्राटात काढून तो कायम झाला होता. पुन्हा तसा पडला तर कंपनी दुसऱ्यांदा खुर्ची देणार नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कमरेचा पट्टा तो झोपतानाही सोडत नसे. एमआरआयची फिल्म डब्यासोबत पिशवीत असायची, कुणी शंका घेतली तर दाखवायला.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात अनुया मॅडमनी ती फिल्म उजेडात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. "हे तेव्हाचं झालं, काका. आता वाकून दाखवा."

"अन् वाकलो अन् काही झालं तर?"

"मी आहे ना इथे."

रिकाम्या बादलीपासून सुरुवात झाली. पाय फाकवायचे, बूड मागे न्यायचं, बादली अंगाशी घ्यायची, श्वास कोंडायचा नाही. मग बादलीत थोडी वाळू, मग आणखी. "दुखणं पार जाईल असं मी म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ते असलं तरी तुम्हाला पुष्कळ काही जमेल." रोहिदासला ते पटलं नव्हतं. पण एका सकाळी, रंभा दूध आणायला गेली असताना, त्याने स्वतःचा मोजा स्वतः घातला.

आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्याला टूलरूमची खुर्ची आठवली. बऱ्या माणसाला खुर्ची कोण देणार? त्याने मोजा काढून ठेवला आणि रंभा आल्यावर निमूट पाय पुढे केला.

"काही फरक हाय का?" तिने विचारलं.

"तसंच हाय."

त्यानंतर सुपरवायझर दिसला की त्याचा हात कमरेवर जाऊ लागला. पुढे पुढे कुणी नसतानाही जाऊ लागला. खरं किती दुखतं आणि भीती किती, हे त्याचं त्यालाच उमगेना. अशात फेरतपासणीसाठी कंपनीच्या डॉक्टरांचं बोलावणं आलं.

"मॅडम, त्यांनी विचारलं तर फरक जरा कमीच सांगा," तो अनुयाला म्हणाला.

"मला दिसलं तेच मी सांगणार, काका. तुम्ही कशाला घाबरता ते तुम्ही सांगा. ते मला कसं दिसणार?"

डॉक्टरांच्या खोलीत तो कमरेवर हात ठेवूनच शिरला. पिशवीतून फिल्म काढली, टेबलावर ठेवली. गुळगुळीतच ती, पंख्याच्या वाऱ्याने सरकली आणि तपासणीच्या पलंगाखाली गेली. विचार करायच्या आत रोहिदासने पाय फाकवले, बूड मागे नेलं, पलंगाखाली हात घालून फिल्म काढली आणि सरळ उभा राहिला.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. "कधीपासून जमतंय हे?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. "महिना झाला, साहेब. दुखतं अजून, पण कमी. तो बिन दिसला की मात्र हातपाय गार पडतात."

"बिन ठेवलेला कुठे असतो?"

"खाली, जमिनीवर."

डॉक्टरांनी लिहून दिलं: बिन कमरेइतक्या उंच स्टँडवर ठेवावा, सध्या अर्धी शिफ्ट प्रेसवर, अर्धी टूलरूममध्ये.

"अन् नाही जमलं तर?"

"तर येऊन सांगा. पण खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभा मोजे घेऊन फरशीवर बसली. रोहिदासने पाय मागे घेतला. तिच्या हातातले मोजे घेऊन त्याने एक चढवला, मग दुसरा. नाड्या बांधल्या. रंभा तशीच बसून बघत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"महिना झाला. आजपासून अर्धी शिफ्ट प्रेसवर हाय."

एक हात गुडघ्यावर, दुसरा कॉटवर टेकवून ती अर्धी उठली आणि डोळे मिटून तिथेच थांबली. रोज ती अशीच उठायची. रोहिदासला ते आज दिसलं.

"कंबर दुखती का गं?"

"मेसवर दिवसभर उभं राहून पोळ्या लाटायच्या, अन् घरात तुमचे पाय. कवा इचारलं तुम्ही?"

त्याने हात पुढे केला. तिने जरा वेळाने धरला. ती उभी राहिली. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"त्या मॅडम बायकांना बी बघतात का?" तिने विचारलं.

"बघतात. संध्याकाळी जाऊ."

"आधी संध्याकाळी धड घरी या," रंभा म्हणाली आणि डबा त्याच्या हातात दिला.