पूर्ण गेज, शून्य ड्यूटी

"पेटीत पूर्ण गेज आहे की नाही, एवढंच सांगा," कस्टम्सचे साहेब म्हणाले.

मी मोघम उत्तर जुळवत होते, तेवढ्यात शेजारी बसलेले माझे क्लायंट लेले बोलून गेले, "पूर्ण कसं असेल? आतलं गिअरचं यंत्र आमचं. भोरला बनतं."

मी कपाळाला हात लावला.

मी कस्टम्स ब्रोकर. परदेशातून आलेल्या मालाची कागदपत्रं करून तो सोडवते. लेल्यांचं ऑफिस बिबवेवाडीला, कारखाना भोरला. तिथे तीस बायका प्रेशर गेज, म्हणजे कॉम्प्रेसरवर हवेचा दाब दाखवणारं काट्याचं मीटर, जोडायच्या. नव्या व्यापार करारात तयार गेजवरची ड्यूटी, म्हणजे आयात कर, शून्य झाली. सुट्या भागांवरची तशीच राहिली. म्हणजे बाहेरून आयता आलेला गेज लेल्यांच्या गेजपेक्षा स्वस्त.

एकच वाट होती. वस्तू सुटी करून आणली, तरी तिचा गाभा पेटीत असेल तर ती तयारच धरतात. पेटीत आलेलं बाहेरचं कवच, नळी आणि काटा म्हणजे गाभा, हे मला पटवायचं होतं. "विचारल्याशिवाय बोलू नका," असं मी लेल्यांना बजावलं होतं. पण लेले म्हणजे बँकेत दुसऱ्याच्या फॉर्ममधलं शुद्धलेखन सुधारणारे गृहस्थ.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग हे पार्ट्सच. ड्यूटी भरा. यंत्रही तिकडूनच आणलं असतं तर शून्य लागली असती."

"म्हणजे आम्ही इथे जास्त बनवतो, म्हणून जास्त ड्यूटी?"

"अहो लेले, कायदा मी केलेला नाही."

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

जिन्यात मी लेल्यांवर चिडले. ते म्हणाले, "ते यंत्र बनवायला मी स्वतः शिकवलंय त्या बायकांना. ते नाहीच असं भासवू?"

पुढच्या खेपेला त्यांनी तयार गेज मागवले. भोरहून सुपरवायझर सुनंदाबाईंचा फोन आला. "मॅडम, माल समदा तयारच येनार हाय म्हनं. मग आमी काय जोडायचं?"

"लेल्यांशी बोला," म्हणून मी फोन ठेवला. त्याची अजून लाज वाटते.

भोरचा कारखाना बंद झाला. लेल्यांनी बिबवेवाडीला गोडाऊन घेतलं. तिथे दोन माणसं स्टिकर चिकटवतात. लेल्यांची फाइल आता दहा मिनिटांत होते, कस्टम्सची एकही हरकत येत नाही. हरकत होती ती भोरच्या तीस बायकांची, आणि तिच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.