शिक्केमास्तरचा ‘क्ष’

शिक्केमास्तरला नावाने हाक मारणारी एकच व्यक्ती होती, त्याची आई. ती गेल्यापासून तो सगळ्यांचा मास्तरच आहे. शिंपी आणि झेरॉक्सवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात तो रबरी शिक्के बनवतो. आत दुसरी खुर्ची मावत नाही, म्हणून गिऱ्हाईक उभ्याउभ्याच काम सांगून जातं. मी मात्र उंबरठ्यावर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत पाय येतील असा. आता सगळीकडे शिक्के यंत्रावर होतात. मास्तरकडेही यंत्र आहे, शाळेचे आणि दुकानांचे शिक्के तो त्यावरच काढतो. पण सरकारी गोल शिक्का असला की हाताने अक्षरं काढतो, तीही उलटी, म्हणजे कागदावर सुलट उमटावीत. तीस वर्षं उलटं लिहून तुला सुलट बोलायला जड जातं, असं मी त्याला चिडवतो. त्याला प्रश्न विचारावा आणि चहा संपेपर्यंत उत्तराची वाट बघावी.

मी पाण्याचे मीटर तपासतो. लोक मीटरला चुंबक लावतात, मीटर उलटा बसवतात, कुंपणाखालून चोरनळी नेतात आणि वर मला विचारतात, साहेब, चहा घेणार? चहा विचारला की मी आधी नळी शोधायला लागतो. बत्तीस वर्षं हेच केलं. ‘पाणी कुठंतरी मुरतंय’ असं लोक बोलण्याच्या भरात म्हणतात, मी ते अहवालात लिहितो. बायको म्हणते, तुम्ही आरशात बघतानाही हा कोण आलाय असं बघता. असू दे. संशयाचाच पगार मिळतो मला.

वर्षातून दोनदा आम्ही तिघं मोटरसायकली काढतो. तिसरा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तो शाळेची बस चालवतो, आणि मागे चाळीस पोरं ओरडत नाहीत या आनंदात वळणावर सुद्धा गाणं म्हणतो. आमच्या आजोबांच्या काळात इकडे मोठी लढाई झाली. तिचे खंदक, बंकर, डोंगरातले बोगदे आणि गवतात बुडालेली एक धावपट्टी अजून आहे. तिथे आम्ही तंबू ठोकतो, बटाटे उकडतो, दोन दिवस राहतो. मेहुण्याला फोटो हवे असतात. मला घरापासून लांब बसून कुणी काम न सांगता चहा प्यायचा असतो. मास्तरला भिंती वाचायच्या असतात. बंकरच्या आत सैनिकांनी खिळ्याने, संगिनीने आपली नावं कोरून ठेवली आहेत. त्यांवरून तो बोट फिरवतो, वहीत उतरवून घेतो आणि मध्येच सांगतो की याला लिहिता येत नव्हतं, शेजाऱ्याने लिहून दिलंय, दोघांचं अक्षर एकच आहे. एकदा एका नावापाशी तो इतका वेळ बसला की आमचे बटाटे करपले.

या जागांवर मुक्काम करायचा तर परवाना लागतो, कारण जमिनीत अजून न फुटलेले गोळे निघतात. परवान्यावर तिघांची नावं असतात. माझ्या नावापुढे माझं खातं आणि हुद्दाही असतो, आणि खाली संरक्षित स्थळे कार्यालयाचा गोल शिक्का. परवाना आणायचं काम पहिल्यापासून मास्तरकडे. बाकीच्यांना महिना लागतो, मास्तरचा आठ दिवसांत हातात. कसं जमवतोस रे, म्हटलं तर ‘मिळतो, मिळतो’ एवढंच. कागद ठेवायचा तोही स्वतःच्याच बॅगेत.

गेल्या वर्षी धावपट्टीच्या फाटकावर पहारेकऱ्याने परवाना उघडला आणि मास्तर हेल्मेट काढत होता म्हणून तो परत माझ्या हातात दिला. मी सहज शिक्क्याकडे पाहिलं आणि माझा चहा प्यायचा मूडच गेला. ‘संरक्षित’मधला क्ष. त्याची गाठ घट्ट होती आणि शेपूट खाली न जाता मांजराच्या शेपटीसारखं वर वळलं होतं. असा क्ष जगात एकच माणूस काढतो. माझ्या टेबलावर ‘मीटर निरीक्षक’ असा शिक्का आहे. त्यातला क्ष हुबेहूब तोच, आणि तो शिक्का मास्तरने माझ्यासमोर कोरलेला आहे. दिवसाला साठ वेळा मी तो मारतो. तो क्ष मी झोपेतही ओळखेन.

म्हणजे परवान्यावरचा शिक्का मास्तरच्या दुकानात बनला होता. शाळेत बीजगणितात क्षची किंमत काढता काढता माझी दमछाक व्हायची. या वेळी मात्र उत्तर आपण होऊन समोर आलं. आठ दिवसांत परवाना का मिळतो, कागद हातात का देत नाही, विचारलं की गप्प का होतो, सगळं एका ओळीत बसलं.

परत आल्यावर मी मुद्दाम दुकानात डोकावलो. मास्तर एका कागदावर नव्या शिक्क्याचा ठसा घेऊन बघत होता. गोल होता. मी वाकलो तशी त्याने त्यावर तळहात ठेवला. शाई ओली होती, हाताला लागली, तरी हात काढला नाही. ‘बस ना,’ म्हणाला. मी बसलो, पण त्या दिवशी पाय आत ओढून बसलो.

माझी निवृत्ती तेव्हा सोळा महिन्यांवर होती. आमच्याच खात्यातल्या एकाला खोट्या दाखल्यावरून घरी बसवलं होतं, एकोणतीस वर्षांची नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेलं. मास्तरच्या प्रत्येक परवान्यावर माझं नाव आणि हुद्दा होता. असे किती परवाने? सहा वर्षांचे बारा. कुणा एका पहारेकऱ्याला शंका आली की मी संपलो. बायकोला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘अहो, मग विचारा ना त्यांना सरळ.’ सरळ! बत्तीस वर्षांत मी कुणाला सरळ विचारलेलं नाही. चोरनळीवाल्याला विचारलं तर तो नळी कापून टाकतो आणि मी तोंडावर पडतो. आधी पुरावा लागतो. आणि खरं सांगायचं तर, विचारलं आणि तो हो म्हणाला तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढची सहल डोंगरातल्या बोगद्यांची. सहा तास मी मास्तरच्या मागून गाडी चालवली आणि सहाही तास त्याच्या डाव्या बॅगेकडे बघत होतो. पोचल्या पोचल्या मास्तर आणि तिथला राखणदार पहाऱ्याच्या खोलीमागे गेले. राखणदाराने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी पुटपुटला. साधी ओळख असलेला माणूस इतकं करतो का? दुपारी मेहुणा मास्तरला घेऊन बोगद्यात फोटो काढायला गेला. मी गुडघा दुखतोय म्हणून मागे राहिलो. गुडघा ठणठणीत होता.

बॅग उघडली. वर वही, खाली स्वेटर आणि स्वेटरच्या घडीत फडक्यात गुंडाळलेला लाकडी मुठीचा शिक्का. बाजूला शाईची गादी. उलटी अक्षरं मला वाचता येईनात, त्यात बोगद्याच्या तोंडाशी मेहुण्याचं गाणं ऐकू आलं. सगळं होतं तसं ठेवलं. संध्याकाळी मास्तर माझ्यासाठी वेगळा, बिनसाखरेचा चहा घेऊन आला. साखर सोडून मला दोनच महिने झाले होते आणि त्याच्या लक्षात होतं. मी तो घेतला आणि मनात म्हटलं, चहा विचारतोय, म्हणजे नळी आहे.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी संरक्षित स्थळे कार्यालयाला पत्र लिहिलं. निनावी. दुसऱ्या पेठेतल्या पेटीत टाकलं, आणि टाकताना मागे वळून दोनदा पाहिलं. मनाशी म्हटलं, पुढेमागे प्रकरण निघालं तर ते माझ्या पत्रामुळे उघडकीला आलं असं म्हणता येईल, पेन्शन वाचेल. मित्राचं काय होईल, हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला. पुढचे तीन आठवडे मी दुकानाकडे फिरकलो नाही.

एका रविवारी सकाळी मास्तर घरी आला. बायको बहिणीकडे गेली होती. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ हातातल्या हेल्मेटची काच पुसत राहिला. मग म्हणाला की स्थळांच्या कार्यालयातून त्याला बोलावणं आलं होतं.

‘का?’ मी विचारलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

तो आपल्या पद्धतीने, थांबत थांबत सांगत गेला. त्या कार्यालयाचे शिक्के अकरा वर्षं तोच बनवतो. सगळे, गोल धरून. सरकारी शिक्क्याचा ठसा कुणालाही, अगदी घरच्यांनाही दाखवणार नाही, असं त्याने लिहून दिलं आहे. दर गुरुवारी तो तिथे शाई आणि दुरुस्तीचं काम घेऊन जातो. दोन तास रांगेत उभं राहून आपला अर्ज देतो आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा रांगेत उभा राहून परवाना घेतो. बाकीचे अर्ज टपालाने पाठवतात, म्हणून त्यांना महिना लागतो. बोगद्याच्या राखणदाराचा तारखेचा शिक्का तुटला होता, तो बिचारा हाताने तारखा लिहीत होता. तो दुरुस्त करून मास्तरने त्या सहलीत नेला होता, पोचल्या पोचल्या राखणदाराला तसं सांगितलं आणि संध्याकाळी बॅगेतून काढून दिला.

कार्यालयाच्या शिक्क्यावर कार्यालयाच्या शिक्केवाल्याचा क्ष असणार, एवढं बत्तीस वर्षं मीटर तपासणाऱ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याच टेबलावरचा शिक्का त्याने कोरलेला, तो काय खोटा होता?

‘साहेबांनी पत्र वाचायला दिलं,’ मास्तर म्हणाला. ‘खाली नाव नव्हतं.’

‘निनावी पत्रांना काय अर्थ असतो,’ मी म्हणालो.

‘नाव नव्हतं. पण “आपला विश्वासू” होतं. “आपला विश्वासू”, पुढे स्वल्पविराम आणि खाली कोरी जागा.’ त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘निनावी पत्राखाली असं कोण लिहितं रे? आणि वर “सदर इसमाच्या सामानात शिक्का व शाईची गादी आढळून आली”. आपण तिघंच होतो. मेहुणा “आढळून आली” असं लिहील का?’

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. लाज वाटली असं म्हणतात तेव्हा नेमकं काय होतं, ते त्या खुर्चीत बसून मला कळलं. माफ कर, असं मी म्हणालो, पण ते इतक्या हळू की त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

मास्तरने पुढचं सांगितलं. पत्राची नोंद झाली, त्यामुळे आता फाइल चालणार. चौकशी संपेपर्यंत शिक्क्यांचं काम दुसऱ्याकडे दिलं आहे, आणि अशा चौकशा लवकर संपत नाहीत. साहेब बरे होते. ते म्हणाले, हे कुणी लिहिलंय ते कळलं तर त्याला बोलावून घेतो, तासाभरात खोटं ठरवतो आणि फाइल बंद करतो. पण तो कुठे नोकरीत असेल तर त्याच्या खात्याला कळवावं लागेल, तसा नियम आहे. मग त्यांनी विचारलं, अक्षर ओळखता का?

‘मग?’

‘नाही म्हणालो. त्यांनी जबाब लिहून घेतला. मी सही केली.’ तो उठला, हेल्मेट हातात घेतलं. ‘अकरा वर्षांत त्या कार्यालयात मी लिहून दिलेलं तेवढं एकच खोटं आहे.’

दारापर्यंत मी त्याच्या मागे गेलो. मी उद्याच जाऊन सगळं सांगतो, असं म्हणालो, आणि त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं. तो म्हणाला, ‘किती महिने राहिलेत तुझे?’ मी म्हणालो, तेरा. तो म्हणाला, ‘मग बस गप्प.’ आणि गाडी चालू करून गेला.

त्याला आता सात महिने झाले. फाइल चालू आहे. मी त्या कार्यालयाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो आणि दोन्ही वेळा पायरीवरून मागे फिरलो. माझे सहा महिने उरले आहेत. परवा मेहुणा आला होता. जुन्या धावपट्टीवर पुन्हा जाऊ म्हणत होता. भावोजी, हल्ली मास्तर येत का नाहीत, असं त्याने विचारलं.

‘कामं फार आहेत त्याला,’ मी म्हणालो.