टाळी न वाजवणारी मालविन

मालविन लोणचीवाली होती. तिसा नदीकाठच्या त्या गावात मंडईच्या छपराखाली तिची जागा होती. समोर आंबवलेल्या कोबीचं पिंप, बाजूला काकड्यांच्या बरण्या आणि मागे स्टुलावर ती. जिभेनंही ती जरा आंबटच आहे असं लोक म्हणत, पण कोबी घ्यायला दुसरीकडे कोणी जात नसे. खोटं कौतुक तिला जमायचंच नाही. शेजारणीचं बाळ दिसायला बेताचं असलं तर "वजन छान आहे" म्हणून मोकळी व्हायची.

तिच्या नवऱ्याचं, वेंडेलचं, सगळं उलट. साखर कारखान्याच्या भट्टीपाशी राबून तो पार पिळून निघायचा, पण नाट्यगृहात लिविया सेंटगालीची नवी संगीतिका लागली की माणूस बदलून जायचा. गुळगुळीत दाढी, लग्नातला काळा कोट, आणि सज्जातल्या दर हंगामाला ठरलेल्या दोन खुर्च्या. त्या काळी गावात विषय दोनच होते: नदीचं पाणी किती चढलं आणि लिविया कशी गायली. आता दोन्हींचं कुणाला काही वाटत नाही.

घेरदार झगा सावरत लिविया रंगमंचावरच्या जिन्यावरून उतरायची, गायची, नाचायची, आणि गाणं संपलं की पहिली टाळी वेंडेलची. मग विस्कळीत टाळ्या हळूहळू एका ठेक्यात यायच्या आणि सगळं नाट्यगृह ठप्, ठप्, ठप् दणाणून जायचं. हिला तिथे लोखंडी टाळी म्हणतात. ती सुरू झाली की नटीनं गाणं पुन्हा म्हणायचं, नाचासकट. कधी दोनदा, कधी तीनदा. नाही म्हणायची सोय नाही.

एवढ्या गदारोळात मालविन मात्र हात मांडीवर ठेवून बसलेली असायची. घरी परतताना पुलावर भांडण ठरलेलं.

"वरचा सूर अर्ध्या वाटेत बसकण मारतो बाईचा. मग झगा दोनदा फिरवते."

"सुरासाठी जायचं तर चर्चमध्ये जा की! नाटकाला डोळेपण न्यावे लागतात."

"तुझे डोळे कुठे असतात ते दिसतं हो मला."

"दिसतं ना? मग तूही तिकडेच बघ. जरा हसायला तरी शिकशील!"

मंडईतही दोन तट होते. खाटीक ओडोन वेंडेलच्या बाजूचा. लिविया आली की म्हातारेसुद्धा ताठ बसतात, याहून गाणं वेगळं काय असतं, असं तो सुरी परजत विचारायचा. फुलवाल्या बायका मालविनच्या बाजूच्या, फक्त लिवियासाठी गुच्छ बांधताना तेवढ्या गप्प.

एका शनिवारी खुद्द लिवियाच पिंपासमोर येऊन उभी राहिली. डोक्याला रुमाल, चेहऱ्याला रंगाचा लवलेश नाही. जवळून पाहिलं तर साधी, दमलेली बाई.

"सज्जात हात मांडीवर ठेवून बसता, त्या तुम्हीच ना?"

मालविनचे कान तापले. पण माघार घेईल तर ती मालविन कसली! "मीच. वरचा सूर लागत नाही तुमचा, बाई."

लिवियानं एक काकडी कचकन मोडली. "ठाऊक आहे हो. पण मला कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, बाई, तुम्ही म्हणजे तुम्हीच. याचा माणसानं काय अर्थ लावायचा?"

तेव्हापासून प्रत्येक नव्या नाटकानंतर ती कोबीच्या निमित्तानं यायची आणि हळूच विचारायची, "काय मग?"

"दुसऱ्या अंकात श्वास चोरलात."

"चोरला खरा."

वेंडेलला यातलं काही कळू दिलं नव्हतं. कळतं तर बिचाऱ्यानं हेव्यानंच अंथरूण धरलं असतं. मालविन मात्र त्या शनिवारांची वाट पाहू लागली, कोबीचा चांगला गड्डा बाजूला काढून ठेवू लागली. गाणं नव्हे, पण बाई तिला फार आवडू लागली होती.

अशी वर्षं गेली. लिवियानं पन्नाशी ओलांडली तरी नाटकातली विशीतली सरदारकन्या तीच. वेंडेलची छाती भट्टीनं खाल्ली होती. काम सुटलं, सज्जाचा जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. तरी नाटकाच्या संध्याकाळी त्याच्या अंगात जीव आल्यासारखं व्हायचं. दुसरं सुख त्याला उरलं नव्हतं.

त्या वसंतात लिविया आली तेव्हा तिनं काकडीला हातही लावला नाही.

"तीन वर्षांचा नवा करार समोर ठेवलाय नाट्यगृहवाल्यांनी. सगळे म्हणतात, करा सही. टाळ्यांमधून मला माझाच आवाज ऐकू येत नाही हो आता. उद्या मोठं गाणं झालं की मी वर बघेन. अजून जमत असेल तर एक टाळी वाजवा. नसेल तर नेहमीसारख्या बसा. मग मी गाणं थांबवेन."

"हे माझ्या गळ्यात कशाला घालता?"

"दुसऱ्या कुणाच्या घालू?"

मालविननं तो सगळा दिवस लोकांना चुकीचं वजन करून दिलं. लिवियानं गाणं थांबवलं तर वेंडेलनं कशाच्या आशेवर कोट घालायचा? एक टाळी वाजवली तर आभाळ थोडंच कोसळणार होतं?

दुसऱ्या दिवशी मोठ्या गाण्यात वरचा सूर आला आणि फुटला. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं म्हणूनच टाळी जास्त जोरात पडली. गावाचा जीव होता तिच्यावर. बघता बघता ठेका धरला गेला. वेंडेल धापा टाकत टाळ्या पिटत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वाजव गं! आज तरी वाजव!"

लिविया जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. तिनं वर पाहिलं.

मालविननं हात उचलले. अगदी खरंच उचलले. मग तिला लिवियाचा भात्यासारखा हलणारा ऊर दिसला आणि पायरी चाचपणारं पाऊल दिसलं. हे प्रेमळ लोक तिला आत्ता पुन्हा गायला लावतील, उद्याही लावतील, असं करत तीन वर्षं. मालविननं हात परत मांडीवर ठेवले आणि ती रडायला लागली.

लिवियानं किंचित मान हलवली, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि न गाता आत निघून गेली. टाळी बराच वेळ चालली, मग कसनुशी विरली.

लिविया बालाटोन सरोवराकाठी बहिणीकडे राहायला गेली. तिच्या जागी आलेल्या मुलीचा वरचा सूर असा लख्ख लागायचा की बोलायची सोय नाही. मालविननं तिला मनापासून टाळ्या दिल्या, वेंडेल खुर्चीत पेंगला, आणि परतताना पुलावर दोघांना भांडायला काही सापडेना. पुढच्या हंगामात त्याला जिना चढवेना.

एका दुपारी खिडकीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "त्या दिवशी एक टाळी वाजवली असतीस तर काय बिघडलं असतं गं तुझं?"

तेव्हा मालविननं शनिवारांपासून सगळं सांगून टाकलं. वेंडेलनं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

"म्हणजे जन्मभर हात सोलून घेतले मी, आणि बाई ऐकत होती तुझं." मग अगदी हळू आवाजात, "मी कोण हे तरी ठाऊक होतं का तिला?"

इतक्या शनिवारांत लिवियानं त्याची एकदाही चौकशी केली नव्हती.

"दर वेळी विचारायची," मालविन म्हणाली. "म्हणायची, तुमच्या शेजारचे ते बरे आहेत ना? पहिली टाळी त्यांची असते, मी ओळखते."

"खरं सांगतेस?"

"मी कधी कुणाला उगाच बरं वाटावं म्हणून बोललेय?"

ते मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं, वेंडेललाही. तो खुर्चीत सरळ होऊन बसला, केसांवरून हात फिरवला. संध्याकाळी ओडोन भेटायला आला तेव्हा त्यानं ते ओडोनला सांगितलं, मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि मालविन शेजारी बसून दोन्ही वेळा "हो, हो" म्हणत राहिली.